विहिरीचा साक्षीदार

लग्न होऊन मी दौंडच्या रेल्वे कॉलनीत आले, तेव्हा इंजिनं कोळशावर चालत आणि दोरीवरचे कपडे वाळेपर्यंत काळे होत. मामंजी न्हावऱ्याला शेती बघत. शिरूरच्या कोर्टात त्यांनी माझ्या चुलत सासूवर दावा लावला होता. ती विधवा, शेजारच्याच रानात राहणारी. दावा एवढाच, की तिच्या विहिरीकडेनं जाणारी आमची गाडीवाट तिनं अडवू नये. एवढ्याशा वाटेसाठी माणसं कोर्टाची पायरी चढतात याचं मला हसू यायचं.

प्रत्येक तारखेच्या आधी मामंजी दौंडला येत आणि आमच्या पलीकडच्या क्वार्टरमधल्या म्हाताऱ्या गवंड्याला बघायला जात. ती विहीर त्यानं बांधली होती. आता तो रेल्वेतल्या मुलाकडे खाटेला खिळून होता. मामंजी त्याला केळी नेत, मला पेज करायला लावत. एवढा तापट माणूस, पण माया आहे हो, असं मी कौतुकानं सगळ्यांना सांगायची. मग एकदा म्हातारा सावरला, भाकरी मागून खाल्ली, हे मी त्यांना हौसेनं सांगितलं तर त्यांचं तोंड उतरलं. त्या खेपेला त्यांच्या वकिलानं तारीख वाढवून घेतली. पुढच्या खेपेलाही घेतली. पेज ढवळताना मी याचा मेळ लावून बघायची, पण लागेना.

एके दुपारी पेज भरवताना मी सहज विहिरीचा विषय काढला. म्हातारा खुलला. भावाभावांच्या वाटण्या झाल्या, त्यानंतर चुलत सासऱ्यांनी एकट्याच्या खर्चानं ती विहीर खोदली, असं त्यानं सांगितलं. मी ते मामंजींच्या कानावर घातलं. ते जेवता जेवता थांबले.

"त्यो आनखी कुणाला बोललाय का ह्ये?"

मी नाही म्हटलं. ते पुन्हा जेवू लागले. भांडण वाटेचं होतं, विहिरीचं नव्हतं, म्हणून मीही ते सोडून दिलं.

थंडीत म्हातारा गेला. मामंजींनी खांदा दिला. आणि लगेचच्या तारखेला दावा दुरुस्त करून मिळावा असा अर्ज दिला: विहीर वाटणीच्या आधीची, सबब निम्मी आमची.

अर्जाच्या सुनावणीला मी हट्टानं शिरूरला गेले. चुलत सासूच्या वकिलानं हरकत घेतली. न्यायाधीश साहेब शांतपणे म्हणाले, साक्षीपुरावा अजून सुरू झालेला नाही, बाईंना उत्तर द्यायची संधी मिळेल, खर्चही मिळेल, मग त्यांचं नुकसान ते काय? अर्ज मंजूर झाला. मला साहेबांचा राग आला आणि मामंजींची भीती वाटली.

बाहेर आल्यावर चुलत सासूनं मला गाठलं. मामंजी तिथेच उभे होते.

"सूनबाई, म्हातारा शेवटाला सुदीत हुता का?"

"होय. विहीर वाटणीनंतरची, हे त्यांनी मला सांगितलं होतं," मी मामंजींदेखत म्हणाले.

तिचा वकील मान हलवत म्हणाला, मेलेल्या माणसाकडून ऐकलेलं कोर्ट धरत नाही. तिनं त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"मंग त्यो जित्ता हुता तवा मला कुणी का न्हाई सांगितलं, त्याला विहिरीचं इचारायला लागंल म्हून?"

कोर्टानं तिला उत्तर द्यायला महिन्याची मुदत दिली होती.