घंटेवाल्याची बावीस पानं

भुतांची पुस्तकं घरात आणली नातीने, आणि नाद लागला आमच्या ह्यांना. नात चौदा वर्षांची. तिच्या वयाच्या मुलांसाठी लिहिलेली तीन भागांची कादंबरी, आणि पानापानावर मुडदे. धरणाखाली बुडालेलं एक गाव. त्यातली माणसं रोज तिन्हीसांजेला वर येतात आणि काठावरच्यांना त्यांच्या गेलेल्या माणसांच्या आवाजात हाका मारतात. जो ओ देईल तो पाण्यात. काठावर एक म्हातारा घंटा वाजवतो. ती वाजते तोवर खालची वर येत नाहीत.

शाळेतून आली की नात ह्यांच्या पलंगाशी बसून वाचून दाखवायची. थोडं इंग्रजी, थोडं तिचं मोडकं मराठी. हे कोकणातले, त्यामुळे भुतांच्या बाबतीत अधिकारी माणूस. "आमच्याकडची भुतं एवढा गोंगाट करत नाहीत गं. शिस्तीत येतात." पण घंटेवाल्यावर ह्यांचा फार जीव. "हा एकटा कामाचा. बाकी सगळे नुसते पळतायत."

तिसरा भाग आला तोवर ह्यांच्या मनगटावरचं घड्याळ कोपरापर्यंत सरकायला लागलं होतं. इथल्या, म्हणजे मुलाच्या ह्या परदेशातल्या गावच्या, डॉक्टरीणबाईंनी खुर्ची जवळ ओढून, ह्यांच्या डोळ्यांत बघून सांगितलं होतं, आता महिने नाहीत, आठवडे. परत येताना गाडीत मुलगा म्हणाला, "ओके, आपण सगळ्यांनी पॉझिटिव्ह राहायचं." तेव्हापासून आमचं क्वेकर्स हिलचं घर इतकं पॉझिटिव्ह झालं की कोणी खरं बोलेना. हे मधूनच सुरुवात करायचे, "हे बघ, मी गेल्यावर..." की मी लगेच, "काहीतरीच काय बोलता!" आणि उठून कुकर लावायचा. त्या दिवसांत आमच्याकडे वरणभात फार झाला.

नातीने तिसरा भाग आधी स्वतः संपवला. स्वयंपाकघरात आली तेव्हा नाक लाल.

"आजी, घंटेवाला मरतो. लाइक, खरंच मरतो. मी आजोबांना कसं वाचू? तू वाच ना आधी."

मी तीन दुपारी ओट्याशी उभी राहून वाचलं. बाकीचे मुडदे पोरांना घाबरवण्यापुरते होते, त्यांचं काही वाटलं नाही. घंटेवाल्याचं मरण मात्र बावीस पानं चालतं. तो घाईच करत नाही. दोरी कुठे ठेवली आहे, टोल किती द्यायचे, सगळं त्या गोष्टीतल्या मुलीला समजावतो. शेवटी म्हणतो, उद्यापासून माझाही आवाज पाण्यातून येईल, मी गयावया करेन, तू ऐकू नकोस, टोल दे. भात करपला तरी मला कळलं नाही.

"स्किप करू या?" नातीने विचारलं.

"करू या," मी म्हटलं. त्या कामात माझा हातखंडा होता.

वीस वर्षांची होते तेव्हा सांगलीच्या घरी माझ्या वडिलांच्या आजाराबद्दल मुंबईच्या डॉक्टरांचं पत्र आलं होतं. इंग्रजीत, दोन कागद. घरात इंग्रजी येणारी मी एकटी, आणि त्याचा मला कोण तोरा! मनातल्या मनात वाचलं, मग पदर सावरून अण्णांना मोठ्याने वाचून दाखवलं की अल्सर आहे, पथ्य पाळा, ताक प्या. ताक तर माझ्याच पदरचं.

अण्णा म्हणाले, "छान वाचलंस. पण कागद दोन आणि मजकूर एवढासाच?"

"इंग्रजीत फार पाल्हाळ असतो हो अण्णा."

त्यानंतर दोनतीनदा ते म्हणाले, "तुझ्या आईला एक सांगायचंय..." आणि त्या दीडशहाण्या मुलीने दर वेळी त्यांना ताक नेऊन दिलं. अण्णा ताक पीत पीत गेले. आईला काय सांगायचं होतं, ते राहिलं. आपण त्यांना किती सुखात ठेवलं, असं ती बया पुढे कित्येक वर्षं अभिमानाने सांगत होती.

हे सगळं माहीत असून मी माझ्या अंबाड्यातली पिन काढली आणि ती बावीस पानं एकत्र अडकवली. अक्कल वयाने येते असं कोणी मानू नये.

दुपारी नात वाचायला बसली, मी दारात. हे डोळे मिटून पडलेले. पिनेपाशी आल्यावर तिने तो सगळा गठ्ठा एकदम उलटला आणि पुढे वाचायला लागली.

"थांब," हे म्हणाले. डोळे मिटलेलेच. "वीसेक पानं एकदम गेली. कोण मेलं?"

नातीने माझ्याकडे पाहिलं. माझ्या ओठांवर "काहीतरीच" येऊन थांबलं.

"घंटेवाला," ती म्हणाली आणि रडायला लागली.

"मग तेच वाच की, बाळा. त्याच्यासाठी तर दोन भाग ऐकले."

तिने पिन काढून माझ्या हातात दिली. तिला वाचायला तासभर लागला. मध्ये दोनदा तिला पाणी दिलं, एकदा ह्यांना चमच्याने. घंटेवाला पाण्यातून येणाऱ्या आवाजाचं सांगतो, तिथे ह्यांनी हाताने खूण केली आणि तेवढं परत वाचायला लावलं.

नात डोळे पुसत आपल्या खोलीत गेली. मी पिन हातात धरून पलंगाच्या कडेला बसले.

हे म्हणाले, "हे बघ, मी गेल्यावर अस्थी नाशिकला न्यायच्या नाहीत. एवढं लांब विमानात मला मांडीवर घेऊन बसशील. इथेच एखाद्या नदीत सोडा."

कुकर ओट्यावर रिकामाच होता. मी उठले नाही.

"कुठल्या नदीत?" मी विचारलं.

ह्यांनी डोळे उघडले, आणि सांगायला सुरुवात केली.