बाबांचं एकच खोटं

माझे बाबा पानवेलीचे शेतकरी. बोईसरकडच्या माहीमला आमची वाडी आहे. वर माडांची सावली, खाली बांबूंना बांधलेल्या वेली. विड्याची पानं खुडायची, त्यांच्या कवळ्या, म्हणजे मोजून जुड्या, बांधायच्या, केळीच्या पानात लपेटून करंड्या भरायच्या आणि सकाळी रस्त्यावर टेम्पोत चढवायच्या, यात त्यांचा जन्म गेला. स्वतः मात्र पान कधी खाल्लं नाही. दात लाल झाले की माणूस हसायला लाजतो म्हणायचे, आणि हसायला त्यांना फार आवडायचं.

आईला जेवणानंतर विडा लागायचा, तोही बाबांनीच लावलेला. आई मासवणची, भातशेतीवाल्यांची मुलगी. "तुमाला पानातलं काय कळते," असं तिला चिडवायचे आणि त्या दिवसाच्या खुडणीतलं सगळ्यात कोवळं पान तिच्यासाठी बाजूला ठेवायचे. दोघांचं भांडण झालं तरी विडा चुकायचा नाही. त्या दिवशी तो हातात न देता ताटलीत ठेवून निघून जायचे, एवढाच फरक.

मी त्यांची एकुलती एक. "मुलगा नाय, वाडी कोण बघणार?" असं कुणी म्हटलं की "आधी मला तरी बघू दे" म्हणायचे. माझं लग्न बोईसरला, कारखान्यात काम करणाऱ्या साताऱ्याकडच्या मुलाशी लावलं, तेव्हा नातेवाईकांनी नाकं मुरडली. बाबा मात्र दर रविवारी नारळांची पिशवी घेऊन एसटीने हजर. माझ्या बाळंतपणानंतर जावयाला भाकरी लागते म्हणून ज्वारीची भाकरी थापायला शिकले. ती हटकून फाटायची. माझा नवरा फाटकी भाकरी निमूट खायचा, आणि बाबा प्रत्येक वेळी विचारायचे, "आज जमली ना?"

अशा माणसाच्या घरात एक काटा होता. माझी आई वाडीत पाऊल ठेवत नव्हती.

पानवेल आमच्याकडे सोवळ्यातली. वाडीच्या फाटकाशी चपला काढायच्या, मगच आत जायचं. आणि बाईने पाळीच्या दिवसांत आत जायचंच नाही, नाहीतर वेल सुकते. आता बाईला दर वेळी विचारणार कोण? म्हणून बायकांनी वाडीपासून लांबच राहायचं, असं आपोआप ठरून गेलेलं. कवळ्या बांधायला बायका चालायच्या, पण घरच्या ओटीवर बसून.

मी शाळेत होते तेव्हा बाबा माडावरून पडले आणि पाय मोडला. पानं तर खुडायलाच हवीत, ती थांबत नाहीत. खाटेवरून बाबा आईला म्हणाले, "तू जा." आई म्हणाली, "मी महिनाभर जाणार. मधी चार दिस घरात बसून कसं चालंल?" बाबा म्हणाले, "मी कुठं बस म्हणालो?" आई गेली. पदर खोचून, शेजाऱ्यांच्या डोळ्यांदेखत, रोज गेली. काम तिने पुरुषाच्या तोडीचं केलं. हे मी मुलगी म्हणून सांगत नाही, टेम्पोवालाही तेच म्हणायचा.

पाय बरा होईपर्यंत वाडीचा खालचा कोपरा पिवळा पडला आणि मेला. झालं, गावाला निमित्तच हवं होतं. विहिरीवर, देवळात, लग्नाच्या मांडवात एकच विषय. शेजारीण आईला हळदीकुंकवाला बोलवेनाशी झाली. बाबांनी हे ऐकलं आणि चार प्रतिष्ठितांसमोर सांगून टाकलं, "तिचं काय नाय. मीच एकदा कुबडी घेऊन आत गेलो, चप्पल काढायची राहिली." वेलीला नारळ फोडला, हात जोडले आणि विषय मिटवला.

म्हणजे त्यांना वाटलं मिटवला. ते घरी आल्यावर आईने मात्र त्यांना जाब विचारला. "तुमी गेलाच नव्हता आत. खोटं का बोललात?"

"झाकली मूठ सव्वा लाखाची," बाबा म्हणाले. "तुला कोण बोलणार नाय आता."

"उलट आता बोलतील. नवरा झाकतोय म्हंजे बायकोचं कायतरी हाय. तुमाला म्हायती हाय वेल कशानं मेली. ते सांगा."

बाबांना माहीत होतं. त्या कोपऱ्यातून पाणी बाहेर काढणारी चर दरवर्षी मोकळी करावी लागते. खाटेवर पडल्या पडल्या त्यांनी आईला हजार गोष्टी सांगितल्या, आणि ही सांगायची विसरले. पाणी साचलं, मुळं कुजली. पण पानवाल्याने चर विसरावी ही गोष्ट आमच्या गावात चपलेपेक्षा लाजिरवाणी. चपलेचा दोष नारळाने फिटतो, चरीचा फिटत नाही. बाबा आईचा विडा लावायला बसले. आईने कानाला खडा लावला. "खरं सांगाल तवा वाडीत येईन." आणि आईचा शब्द म्हणजे शब्द.

वर्षं गेली. आई अंगणात बसून कवळ्या बांधत राहिली, बाबा विडा लावत राहिले, दोघं एकमेकांशी गोडीने बोलत राहिली. वाडीचं नाव निघालं की मात्र आई उठून आत जायची. मला दोघांचाही राग यायचा, खोटं कशाला बोलू. एवढं प्रेम आणि एवढा हट्ट एका घरात कसा मावतो, मला कळत नसे.

मग माझी मुलगी मोठी झाली. बोईसरच्या वसाहतीत वाढलेली पोर, पण आजोबांच्या मागे मागे फिरून तिला वाडीचं वेड लागलं. शेतीचं शिक्षण घेतलं आणि म्हणाली, मी माहीमला राहणार, वेल मी बघणार. बाबांनी ही बातमी गावभर सांगितली. दुसऱ्याच दिवशी सकाळी टेम्पोपाशी सगळे पानवाले जमलेले असताना एक म्हातारा त्यांना म्हणाला, "नातीला आत घेशील तर दिवस इचारून घे बाबा. बायकोच्या वक्ताला काय झालं, हाय ना ध्यानात?"

मी तिथेच होते, करंडी धरून. बाबांनी खांद्यावरची करंडी खाली ठेवली. त्यांचा चेहरा मी आधी कधी असा पाहिला नव्हता.

"हाय ध्यानात," ते म्हणाले. "त्या साली मी चप्पल घालून गेलो नव्हतो. खोटं बोललो मी. चर मोकळी करायचं तिला सांगायला विसरलो, म्हणून वेल कुजली. चूक माझी. ती बिचारी माझ्यासाठी राबली आणि बोलणी तिनं खाल्ली. तुमच्या सगळ्यांसमोर तिची माफी मागतो. आणि आजपासून नात वाडीत येणार, महिन्याचे तीसही दिवस. ज्याला आमची पानं चालत नसतील त्यानं आपली करंडी वेगळ्या टेम्पोत घालावी."

कुणी वेगळा टेम्पो केला नाही. एक जण हसला, बाकीचे करंड्या चढवायला लागले. मी माझ्या हातातली करंडी त्यांच्यातच चढवली.

आम्ही घरी पोचण्याआधी बातमी पोचली होती. आई उठली. लुगडं बदललं, फाटकाशी आली आणि नातीचा हात धरून आत गेली. बाबा बाहेरच उभे राहिले, दोघींकडे बघत. आत जायचं धैर्य त्यांना झालं नाही, की त्यांना तसंच बघायचं होतं, हे मी कधी विचारलं नाही.

शेवटची वर्षं ते फाटकाशी खुर्ची टाकून बसायचे. येणाऱ्या जाणाऱ्याला सांगायचे, "माझं काय नाय, मालकिणी आत हायत."

गेल्या वर्षी ते गेले. भेटायला एडवणपासून माणसं आली, घर भरलं. सगळे आईला तेच म्हणत होते, देवमाणूस गेला. शेवटी आई म्हणाली, "देव कशाला म्हणता? देवाला कुणाची माफी मागावी लागत नाय. माझ्या नवऱ्यानं सगळ्या गावासमोर बायकोची मागितली."