हिरव्या निशाणामागची गाडी

करमाडच्या अलीकडं, जालना रोडला कडुबा साळव्याचं पंक्चरचं दुकान आहे. दुकान म्हणजे काय, चार पत्रे, एक कॉम्प्रेसर आणि बाहेर टांगलेला जुना टायर, बस्स. पण माणूस असा, की टायरावर नुसती थाप मारून खिळा कुठं घुसलाय ते सांगणार. साठी उलटली तरी तोंडाला लगाम नाही. गिऱ्हाइकाला आधी शिव्या, मग हवा. "टायर टकलं होईस्तोवर पळवता अन् मंग कडुबाच्या नावानं बोंबलता व्हय?" लोक हसायचे आणि पुन्हा त्याच्याचकडं यायचे.

रस्त्याच्या पलीकडं चांदपाशाचं वेल्डिंगचं दुकान, मागं घर. दोघांची तीस वर्षांची दोस्ती. चांदपाशा ह्याला "जय भीम" घालायचा, हा त्याला "सलाम". सकाळी दहाच्या सुमारास कडुबा स्टोव्हवर चहा ठेवायचा आणि रस्त्याच्या कडेला येऊन हात करायचा. मधल्या दुभाजकाला गावकऱ्यांनीच पहारीनं भगदाड पाडलेलं. नीट वळणावरून यायचं तर दीड किलोमीटर, कोण जातंय एवढं! भगदाडाच्या दोन्ही अंगांना कण्हेर अशी माजलेली, की पलीकडून येणाऱ्याला शहराकडून आलेली गाडी दिसायचीच नाही. म्हणून कडुबाचा हात. तो आडवा असला की थांबायचं, हलला की यायचं. शाळेच्या पोरी, शेतात जाणाऱ्या बाया, सगळ्यांना त्या हाताची सवय झालेली. आणि कडुबाला त्याचा केवढा तोरा! "सरकारचा सिग्नल बिघडंल, माझा नाय."

फौजेचे ताफे त्या रस्त्यानं अधूनमधून जात. त्यांची रीत कडुबाला तोंडपाठ. पहिल्या गाडीला निळं निशाण, शेवटच्या गाडीला हिरवं. मधी घुसायचं नाही. हिरवं गेलं की रस्ता आपला.

त्या मंगळवारी चहाच्या वेळेलाच ताफा आला. कडुबानं हात आडवा धरला, पलीकडं चांदपाशा कण्हेरीपाशी थांबला. एकामागं एक गाड्या गेल्या. हिरवं निशाण फडफडत जालन्याकडं निघालं, कडुबाची नजरही त्याच्याच मागं गेली आणि हात हलला. शहराच्या बाजूला त्यानं बघितलंच नाही. कशाला बघायचं? हिरवं तर गेलं होतं.

पण एक गाडी राहिली होती हो! रणगाडा लादलेला लांबलचक ट्रेलर. टायर तापलं म्हणून मागं शेंद्र्याला थांबला होता आणि ताफा पुढं निघून गेला होता. ड्रायव्हरनं हॉर्न दिला, ब्रेक दाबला, पण पन्नास टनांच्या वरचं ओझं जागच्या जागी थांबतंय का? चांदपाशाला मागं फिरायलाही वेळ मिळाला नाही. जन्मभर टायरांशी झटलेल्या कडुबानं त्या दिवशी टायरांमधून आपला दोस्त बाहेर काढला. कसा काढला, ते मी सांगणार नाही. सांगवत नाही.

गर्दी जमली. सत्यम नावाचा तिशीतला फौजी ट्रेलर चालवत होता, त्याला लोकांनी खाली ओढलं, कॉलर फाडली. तो कडुबाकडं बघून एकच म्हणत होता, "चाचा, आपने हाथ दिखाया था. बोलिए ना इनको." कडुबा आपल्या माखलेल्या हातांकडं बघत राहिला. पोलीस आले. त्यांनी विचारलं, "गाडी जोरात होती?" चांदपाशाचा थोरला मुलगा मुनीब कडुबाच्या गळ्यात पडून रडत होता.

"व्हय," कडुबा म्हणाला. "लई जोरात व्हती."

ह्या शब्दांवर त्यांनी फौजीला ठाण्यात नेलं.

मग गावात कडुबाचंच कौतुक. जवळ जायला कुणी धजंना, तर ह्यानं काढलं, असं जो तो म्हणायला लागला. त्यानं घरी बायकोला, भागूबाईला, खरं सांगितलं. तिनं पदर तोंडाला लावला, मग म्हणाली, "आता तोंड शिवा. ह्याच गावात ऱ्हायचंय आपल्याला." तोंड शिवता येतं हो, पण जेवायला बसलं की ह्याचा उजवा हात ताटाकडं जाईना. दोन दिवस पोटात अन्न नाही.

तिसऱ्या दिवशी चांदपाशाच्या घरी मयतासाठी दुवा मागायची जियारत होती. कडुबा जाऊन खाली मान घालून बसला. चांदपाशाची बायको वहिदाभाभी इद्दतीत, नवरा गेल्यावर परक्या पुरुषापुढं यायचं नाही, म्हणून आतल्या दाराच्या पडद्याआड. मुनीब म्हणाला, "चाचा, केस तुमच्याच साक्षीवर हाय. त्या ड्रायव्हरला सोडायचा नाय."

कडुबाच्यानं मग राहवलं नाही. "मुनीब, गाडी जोरात नव्हती रे. मीच हात केला. हिरवं निशाण गेलं, मला वाटलं ताफा सरला. मी बघितलंच नाय. तुझ्या बापाला मी मारलं."

मुनीब मूठ वळून उठला. आता मारतो, असं बसलेल्यांना वाटलं, पण तो तसाच अनवाणी बाहेर निघून गेला. पडद्याआडून वहिदाभाभींनी विचारलं, "चहाला बोलवलं व्हतं?"

"व्हय, भाभी."

"रोजा व्हता त्यांचा. ईदनंतर सहा ठेवतात ना, त्यातला पहिलाच. म्हणले, कडुबा हात करतोय, जाऊन नाय म्हणून येतो. मी म्हणलं, फोन करा की. तर म्हणले, नक्को, फोनवर नाय म्हणलं तर साल्याला राग येतो."

कडुबानं असा हंबरडा फोडला की अंगणातली माणसं धावत आली. कुणी त्याच्या पाठीवरून हात फिरवला नाही. तो थोडा निवल्यावर पडद्याआडून भाभी एवढंच म्हणाल्या, "आता ठाण्यात जा. त्या फौजीच्या घरी बी कुणी वाट बघत असंल."

कडुबा तडक गेला. हवालदारानं आधी त्याची खरडपट्टी काढली, परवा एक आणि आज दुसरंच सांगतोस म्हणून. मग नवा कागद घेऊन लिहायला बसला. हात कुणी केला, कुठं उभा होतास, सगळं विचारून झालं.

"मयत इसम रस्ता कशासाठी ओलांडत होता?"

"मला चहाला नाय म्हणायला, साहेब."

हवालदारानं मानही वर केली नाही. 'चहा पिण्यासाठी' असं लिहून त्यानं कागद सहीला पुढं सरकवला. कडुबानं तो बोट ठेवत ठेवत वाचला आणि परत केला.

"हे खोडा," तो म्हणाला. "त्याचा रोजा व्हता."