एकाच घरातल्या दोघींची फायनल

पंचांनी शिट्टी मारून कुस्ती थांबवली आणि दोघींनाही ताकीद दिली. "खेळा! नुसते हात धरून उभ्या राहू नका." माझ्या मागच्या बाकावरून कोणीतरी मोठ्याने ओरडलं, "नूरा हाय रे, नूरा!" मी वळून पाहिलं नाही. कानशिलं मात्र तापली.

नूरा म्हणजे आधीच ठरवून केलेली कुस्ती. पैलवानाच्या घराला याहून मोठा बट्टा नाही.

नगरला जिल्ह्याची निवड चाचणी होती. एका वजनगटातून एकच मुलगी राज्य स्पर्धेला जाणार. फायनलला लाल पोशाखात माझी मुलगी कोमल, निळ्या पोशाखात माझ्या धाकट्या भावाची, मच्छिंद्रची प्राची. दोघींना लंगडी खेळायच्या वयापासून मीच शिकवलं. मी शाळेत खेळाचा मास्तर होतो. रिटायर झाल्यावर गोठ्याशेजारी पत्र्याचं शेड ठोकून मॅट टाकली. आजवर दोघींचे वजनगट वेगळे असायचे. यंदा प्राची अंगाने भरली आणि कोमलच्या गटात आली. वजन उतरवायला पोरीला उपाशी ठेवणं माझ्याने झालं नाही. म्हटलं, दोघीही फायनलला पोचतील कशावरून? पोचल्या.

मॅटच्या कोपऱ्यात खुर्ची टाकून पैलवानाला सूचना देणारा, तो कॉर्नर. आमच्यात रीत अशी की एकाच तालमीतली दोघं समोरासमोर आली तर वस्ताद कोणाच्याच कॉर्नरला बसत नाही. म्हणून मी मच्छिंद्रशेजारी प्रेक्षकांत बसलो होतो. जन्मात इतका घाम मला आखाड्यात आला नसेल.

पोरी लबाडी करत नव्हत्या, हे मला दिसत होतं. कोमलचा खांदा हलला रे हलला की प्राचीचा पाय मागे. प्राची वाकली की कोमलचा हात तिच्या मानेवर. रोज एकमेकींशीच सराव, दुसरी जोडी कुठली आणणार? एकीला डाव दाखवायचा आणि लगेच दुसरीला त्याची तोड, ही माझी शिकवायची पद्धत. आता दोघींकडे सगळ्याच तोडी होत्या आणि डाव एकही उरला नव्हता. पण हे हॉलमधल्या लोकांना कोण सांगणार?

पहिला हाफ शून्य-शून्य सुटला. मुख्य पंचांनी मला बोटाने बोलावलं.

"वस्ताद, ही कुस्ती हाय का फुगडी?"

"सर, दोघींना एकमेकींचं सगळं ठाऊक हाय. त्यामुळं..."

"का घरून ठरवून आलाय?"

"ठरवलं असतं तर माझी ही दशा झाली असती का? शर्ट बघा माझा, पिळून घ्या."

ते हसले नाहीत. "दुसऱ्या हाफला हेच चाललं तर दोघींना बाद करतो. या गटातून जिल्ह्याचं कुणीच जाणार न्हाई."

एकीच्या कानात काही सांगावं, तर दुसरीशी दगा. गप्प बसावं, तर दोघींचं वर्ष पाण्यात, वर गावात तोंड दाखवायची सोय नाही. शेवटी मी कठड्याला धरून दोघींना ऐकू जाईल असा ओरडलो, "पोरींनो, कुनीतरी कायतरी करा गं!"

हॉल खो-खो हसला. कोमलने कपाळाला हात लावला. मच्छिंद्र खाली मान घालून चपलेकडे बघत होता. मला वाटलं, लाजला.

दुसरा हाफ सुरू झाला. थोड्या वेळाने पंचांनी प्राचीला पॅसिव्ह ठरवलं. म्हणजे आता घड्याळ तिच्यावर. दिलेल्या वेळात तिने गुण घेतला नाही तर समोरचीला फुकटचा एक गुण. पण नुसत्या त्या गुणावर पंच ऐकणार नव्हते, दोघी बादच. प्राची पायाला झोंबणार, कोमल ते अडवणार, हे मला पाठ होतं.

प्राची पायाकडे गेलीच नाही. तिने कोमलचा दंड काखेत धरला, गर्रकन वळून कंबर आत घातली आणि कोमलला वरून फेकलं. ढाक! कोमलचे दोन्ही खांदे मॅटला लागले. चितपट.

मी जिंकणारीकडे पाहिलंच नाही. कोमलची मान, एवढंच डोक्यात. रीतभात विसरून मॅटपाशी धावलो. ती उठून बसली, मान फिरवून बघितली आणि म्हणाली, "काय नाय झालं, पप्पा." तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला.

मुख्य पंच माझ्याजवळ आले. "वस्ताद, ढाक लई बेस शिकवली."

मी मान डोलावली. पण ढाक मी शिकवलेली नव्हती. ती फसली तर आपणच खाली सापडतो, म्हणून मी ती घरात कधी येऊच दिली नाही. स्वभावच भित्रा माझा.

बाहेर येऊन मच्छिंद्रला गाठलं. "कुठून आली ही ढाक?"

"रागावू नको, दादा." तो दुधाची गाडी घेऊन संगमनेरला जातो. "रविवारी गाडीत तिलाबी नेतो. तिथल्या तालमीत खेळती ती. तुला सांगितलं असतं तर तू जाऊ दिलं असतंस व्हय?"

नसतं जाऊ दिलं. राग आला, खूप आला. माझ्या पाठीमागे माझीच पोर दुसऱ्या वस्तादाच्या पाया पडत होती. पण तिथे गेली नसती तर आज दोघीही बाद होऊन घरी आल्या असत्या, हेही कळत होतं. दोन्ही गोष्टी एकदम गिळायला जड गेल्या.

परतताना गाडीत प्राची कोमलच्या खांद्यावर डोकं टाकून झोपली होती. कोमल जागी होती. मला वाटलं, रडत असेल. जरा वेळाने ती हळूच म्हणाली,

"पप्पा, या रविवारी मीबी जाऊ का संगमनेरला?"

घरच्यांना शिकवणाऱ्या वस्तादाला एक डाव शेवटी शिकावाच लागतो, पकड सोडायचा. मी म्हणालो, "जा. पण मान सांभाळ."