डोळे शेवटी

पेंटरमामांना कुठलीही वस्तू नीट पाहायची असली की ते आधी डोळे मिटायचे. मग ती वस्तू डाव्या हातात धरून उजव्या अंगठ्याचं नख तिच्यावरून हळूहळू फिरवायचे आणि एखाद्या जागी नख अडलं की म्हणायचे, “इथं आहे पाहा.” आपण डोळे फाडून पाहावं तेव्हा कुठे केसाएवढी रेघ दिसायची. “डोरा खोटं बोलते जी, नख नाही बोलत,” हे त्यांचं ठरलेलं वाक्य. आमच्या फुलचूरच्या गल्लीत त्यांच्या या नखाचं सगळ्यांना कौतुक होतं. मला तर जरा जास्तच.

मामांनी उमेदीची सगळी वर्षं कोहमाऱ्याच्या नाक्यावर ट्रक रंगवण्यात घालवली होती. ट्रकचं नाव, मालकाच्या मुलांची नावं, दोन बाजूंना मोर आणि मागच्या फळीवर दृष्ट लागू नये म्हणून राक्षसाचं तोंड. पुढे चिकटवायची तयार चित्रं आली आणि त्यांचं काम संपलं. बायको गेलेली, मुलगा नागपूरला. माझ्या अंगणाला लागून असलेल्या दोन खोल्यांत ते एकटे राहत, स्वतःचा स्वयंपाक स्वतः करत आणि त्याला नावंही स्वतःच ठेवत.

आमची ओळख झाली ती माझ्या वेडामुळे. मी गोंदियाच्या एका लॅबमध्ये रक्त-लघवी तपासते. रविवारी दुपारी आम्ही चौघं मित्र-मैत्रिणी माझ्याकडे जमून एक खेळ खेळतो. एकानं गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्या गोष्टीतले योद्धे, जादूगार, बुटके व्हायचं आणि कोण जगला, कोण मेला ते फाशांनी ठरवायचं. त्यासाठी टेबलावर बोटाएवढी प्लास्टिकची बाहुली लागतात. ती मुंबईहून खोक्यातून येतात, तीही बिनरंगाची. राखाडी चौकटीत हात वेगळा, डोकं वेगळं, तलवार वेगळी. तोडायचं, जोडायचं, रंगवायचं, सगळं आपणच. आईचं मत असं की बत्तीस वर्षांच्या बाईनं बाहुल्या मागवायच्या तर निदान कपडे घातलेल्या तरी मागवाव्यात.

ऑगस्टमधली गोष्ट. नवं खोकं आलं होतं आणि मला धीर नव्हता. नेलकटरनं तुकडे तोडले, जोडले आणि अंगणात पुठ्ठ्यावर मांडून प्रायमरचा, म्हणजे रंगाआधीच्या अस्तराचा, फवाऱ्याचा डबा हलवू लागले. भिंतीपलीकडून आवाज आला, “आज नको मारू बाई. हवा ओली आहे.” मी हसून फवारा मारला. तासाभरानं सगळ्या सैन्याच्या अंगावर दाणेच दाणे. मामांनी भिंतीवरून हात पुढे केला, एक बाहुलं घेतलं, डोळे मिटून नख फिरवलं आणि म्हणाले, “हे तं रव्याचे लाडू झाले.”

त्या दिवसापासून माझं शिक्षण सुरू झालं. मामांच्या शाळेत रंग हा विषय फार उशिरा यायचा. आधी आंघोळ. साच्यातून निघालेला माल तेलकट असतो, म्हणून कोमट साबणाच्या पाण्यात चौकटीसकट बुडवायचा आणि दात घासायच्या जुन्या ब्रशनं घासायचा. मग त्यांनी मला त्यांचा जुना कटर दिला आणि तुकडा मुळापासून न तोडता थोडा दांडा ठेवून तोडायला लावला. उरलेलं पॉलिश पेपरनं घासायचं. मग नख. साच्याचे दोन भाग मिळतात तिथे एक बारीक शीर उठते, ती मामा हुडकून काढायचे आणि मी खरवडायची. सांध्यात फट असली की बोटावर चिमूटभर लांबी घेऊन ते ती भरायचे. लांबी म्हणजे ट्रकचे पोचे बुजवायचा लगदा. त्याचा एक डबा त्यांनी काम सुटल्यावरही जपून ठेवला होता. मी कंटाळले की म्हणायचे, “कायले घाई करून राहिली? लढाई काय पळून जाते?”

रंगाला मात्र मामा कधी हात लावत नसत. मी ब्रश पुढे केला की म्हणायचे, “रंग तुझा. मी तयारीचा मानूस.” मला तो त्यांचा मोठेपणा वाटायचा. फक्त एक नियम त्यांनी घालून दिला होता. ट्रकवरच्या राक्षसाचे डोळे ते सगळ्यात शेवटी काढत आणि तेव्हा ड्रायव्हरला समोर उभं करत. डोळा उघडला की पहिल्यांदा आपला माणूस दिसला पाहिजे, म्हणजे मग तो जन्मभर त्याची राखण करतो, असं त्यांचं म्हणणं. माझ्या बाहुल्यांचेही डोळे शेवटी. ते काढून झाले की मामा न चुकता विचारायचे, “कोनाकडं पाहून राहिला?” मी म्हणायची, “माझ्याकडे.” मग त्यांचं समाधान व्हायचं. ते स्वतः वाकून का बघत नाहीत, हा प्रश्न मला दोन वर्षांत एकदाही पडला नाही. मी दिवसभर सूक्ष्मदर्शकात बघणारी बाई.

मग सेनापती आला. आमच्या गोष्टीतला म्हातारा सेनापती. त्याच्यासाठी मी कितीतरी दिवस शोधत होते आणि शेवटी हवा तसा चेहरा मिळाला होता: कपाळभर सुरकुत्या, गालावर वार, डोळ्यांखाली पिशव्या. त्या चेहऱ्यासाठीच तो घेतला होता. त्या आठवड्यात लॅबमध्ये तापाच्या रुग्णांची रीघ होती, म्हणून मी तो मामांकडे तयारीला ठेवून गेले.

शनिवारी मामांनी तो मोठ्या आनंदानं माझ्या हातावर ठेवला. सेनापतीचा चेहरा अंड्यासारखा गुळगुळीत झाला होता. एक सुरकुती नाही, एक वार नाही. मामांनी प्रत्येक घडी लांबीनं भरून, झिरो नंबरचा पेपर मारून त्याला विशीतला केला होता.

“तोंडभर चिरा होत्या जी,” मामा म्हणाले. “माल फुटका आला होता. दोन दिवस बसलो.”

माझं डोकं फिरलं. “चिरा नव्हत्या त्या मामा, सुरकुत्या होत्या. म्हातारा आहे तो. एवढं ढळढळीत समोर असताना बघितलं नाही तुम्ही?”

मामा शांतपणे म्हणाले, “नाही दिसल्या, बाई.”

तेव्हा कुठे मी त्यांच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं. ते माझ्याशी बोलत होते, पण त्यांची नजर माझ्या खांद्याजवळ कुठेतरी होती. मला माझीच लाज वाटली, इतकी की आजही ते आठवलं की हातातलं काम थांबतं. कधीपासून, म्हणून विचारलं तर म्हणाले, “कोहमाऱ्यालेच सुरू झालं होतं. मोराचे पिसारे चुकाले लागले.” कोणाला सांगितलं का नाही? “सांगतलं असतं तं पोरानं नागपूरले नेलं असतं. इथं निदान भिंतीपल्याड काम तं आहे.” ते काम म्हणजे माझी बाहुली.

दुसऱ्याच आठवड्यात मी त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेले. काचबिंदू निघाला. गेलं ते परत येणार नाही, उरलंय ते थेंबांनी राखता येईल, पण वेळच्या वेळी थेंब घालायला कोणीतरी हवं, असं डॉक्टर म्हणाले. मी सकाळ-संध्याकाळ घालीन म्हटलं. मामांनी मान हलवली. “तुझी ड्युटी किती वाजता सुटते ते मले माहीत आहे,” म्हणाले आणि मुलाला फोन लावायला त्यांनी मलाच सांगितलं.

नागपूरला जायच्या दिवशी त्यांनी सेनापती मागितला. “आन इकडं, पिनीनं उकरून देतो.” मी दिला नाही. राहू द्या म्हटलं, मला आता तो असाच आवडतो. ते खोटं नव्हतं. रविवारची मंडळी मात्र त्याला सोडत नाहीत. सेनापतींनी फेशियल कुठे केलं, हा प्रश्न दर लढाईआधी होतो.

नागपूरहून मामांचा दर रविवारी सकाळी फोन येतो. खुशाली नंतर, आधी हवा. “हवा कशी आहे?” मी अंगणात जाऊन हात पुढे करते आणि सांगते. मग ते म्हणतात, “आज मार,” किंवा “आज नको.” त्यांच्या परवानगीनंच सेनापतीला प्रायमर बसला आणि रंगही चढला. डोळे तेवढे बाकी ठेवले होते.

दिवाळीला मामा दोन दिवस घर झाडायला आले. भाऊबिजेच्या सकाळी मी सेनापती आणि सगळ्यात बारीक ब्रश घेऊन त्यांच्या ओट्यावर गेले. ते म्हणाले, “माह्या हातात दे. मी धरतो, तू काढ.” त्यांची मूठ दगडासारखी स्थिर होती. मी समोर बसले. पांढरं भरलं आणि काळे ठिपके देताना ते मधोमध न देता थोडे वर, कडेला दिले, जिकडे मामांचा चेहरा होता.

“झाले?”

“झाले.”

“कोनाकडं पाहून राहिला?”

“तुमच्याकडे,” मी म्हटलं.

सेनापतीला तसंच मुठीत धरून मामांनी दुसऱ्या हातानं सदऱ्याचं वरचं बटण लावलं आणि जरा ताठ बसले.