रिकामा डबा

शेजारच्या कुंदावहिनींनी काल अळूवड्या दिल्या होत्या. त्यांचा डबा आज ओट्यावर पालथा वाळत होता. आपल्याकडे कुणाचा डबा रिकामा परत करत नाहीत. काहीच नसलं तर निदान चिमूटभर साखर घालतात. पण माझ्या लेकीचं ठरलेलं लग्न मोडलं, तेव्हा याच बाईंनी जिन्यात मला बघून पदराआड हसू दाबलं होतं. तोंडातून शब्द काढला असता तर भांडता तरी आलं असतं. दाबलेल्या हसण्याशी कसं भांडायचं?

मी डबा लख्ख पुसला आणि नेऊन दिला. हातात घेताच त्यांना वजन कळलं. झाकण उघडून त्या बघतच राहिल्या.

"अगं, साखर तरी..."

मी पदर तोंडाशी नेला आणि अगदी त्यांच्यासारखी हसले.