दात आलेल्या बाळाचं बारसं

ग्रामसेविकेच्या नोकरीत बालविवाह थांबवायचं कामही येतं, हे मला नोकरी लागल्यावर कळलं. तेव्हापासून लोकांच्या लग्नात मी आहेर घेऊन कमी आणि पोलीस घेऊन जास्त गेले.

अल्लीपूरच्या पलीकडच्या एका गावात बदली होऊन मला महिनाच झाला होता. एक दिवस हेल्पलाइनवरून निरोप आला की दहावीतल्या एका पोरीचं आज लग्न आहे. शाळेत विचारून खात्री केली, पोरीला सोळाही पूर्ण नव्हती. एका लेडीज पोलिसाला गाडीवर मागे बसवलं आणि निघाले.

दारात मांडव, मोठ्या गंजात बुंदी, पंगत बसलेली. पण आमच्या आधी आमची बातमी पोहोचली होती. मांडवाच्या मधोमध चक्क पाळणा टांगलेला! पोरीचा बाप हात जोडून पुढे आला. मागे तिची आई उभी, मला नजरेनेच जाळत होती.

"या मॅडम, या. नातवाचं बारसं हाय."

"अन् पोरगी कुठं हाय?"

"ते तं मामाच्या घरी गेली."

मी पाळण्यात डोकावले. एक गुटगुटीत पोरगं पायाचा अंगठा चोखत पडलं होतं. कौतुकाने गालाला बोट लावलं, तर त्याने कचकन चावा घेतला.

"अवं माय! याले तं दात हायेत! दात येईपर्यंत बारशाले थांबले काय तुमी?"

"जरा उशीरच झाला, मॅडम," बाप घाम पुसत म्हणाला.

राग असा आला होता की वाटलं, पाळण्यासकट सगळा मांडव उपटून टाकावा. पण घरात घुसून, हळद लागलेल्या पोरीला सगळ्या गावासमोर ओढून काढायचं माझ्या जिवावर येत होतं. आणि तशीच परत गेले असते तर माझी पाठ फिरताच अक्षता पडल्या असत्या. म्हणून एक खुर्ची ओढली आणि ठाण मांडून बसले.

"बारसं हाय ना? मंग होऊ द्या. मी पाहूनच जातो."

आली का पंचाईत! घुगऱ्यांचा पत्ता नाही, पाळणा कोणाला म्हणता येईना. शेवटी एकीला आत्या म्हणून पुढे ढकललं. तिने बाळाच्या कानात काय सांगितलं ते तिलाच ठाऊक, पण बाकीच्या बायकांनी रीतीप्रमाणे तिच्या पाठीत दणादण बुक्के घातले. आमची लेडीज पोलीस बुंदीचा द्रोण तोंडापुढे धरून हसत होती.

त्या गोंधळात पोरगं बिथरलं. असा गळा काढला की विचारू नका! घरच्या सुनेने त्याला उचललं, थोपटलं, तर ते तिचेच केस ओढायला लागलं. खरी आई होती शेजारीण, आणि ती वरातीला वेशीवरच थांबवायला धावली होती, हे मला मागून कळलं. हा घे, तो घे, कोणाजवळच राहीना. रडून रडून काळंनिळं झालं.

तेवढ्यात आतल्या खोलीचं दार धाडकन उघडलं. पिवळी साडी, कोपरापर्यंत हळद, हातात हिरवा चुडा.

"तुमच्यापाशी नाई राहत तो! द्या इकडं!"

पोरीने बाळ हिसकावून कडेवर घेतलं. शाळेतून आल्यावर त्याला रोज तीच सांभाळायची. कडेवर जाताच ते गप्प झालं आणि तिचा चुडा चावू लागलं.

माझी गंमत तिथंच संपली. हे लग्न झालं असतं तर वर्ष-दोन वर्षांत ती अशीच दिसली असती, फक्त कडेवरचं लेकरू शेजारणीचं नसतं. बापालाही ते दिसलं असावं, कारण त्याने मान खाली घातली.

"मामाच्या घरून लवकर आली," मी म्हटलं. तेवढंच सुचलं.

मग कायदा सांगितला. अठरा पूर्ण झाल्याशिवाय लग्न नाही, नाहीतर लग्न लावणाऱ्यापासून वऱ्हाडापर्यंत सगळ्यांवर गुन्हा. बापाने एरंडेल प्यायल्यासारखं तोंड करून हमीपत्रावर सही केली. वरात वेशीवरूनच परत गेली.

पोरगी बाळाला घेऊन तिथंच उभी होती.

"सोमवारी शाळेत जाशील ना वं?"

"कशी जाऊ, मॅडम? माह्या शाळेचा ड्रेस मायनं मामीच्या पोरीले देऊन टाकला."

हे ऐकून तिची आई उठली. पदर कमरेला खोचला आणि तरातरा माझ्याकडे यायला लागली. म्हटलं, आता आपली काही खैर नाही. पण ती माझ्या बाजूने तशीच पुढे गेली, पंगतीत जेवत बसलेल्या भावजयीसमोर उभी राहिली आणि सगळ्यांदेखत म्हणाली, "वयनी, तो ड्रेस वापस पाठवजो. पोरीले लागते."